मारुती ८०० आणि तिचा रुसलेला सेल्फ : चिपळूणच्या अंगणातल्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

गाडी मारुती ८००, १९९८ सालची. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटरवाली, चोकची (गार इंजिनासाठी पेट्रोलचं मिश्रण दाट करणारी) दांडी डॅशबोर्डला. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. २०२३ मध्ये पाच हजार रुपये नूतनीकरणाची फी आणि वर ग्रीन टॅक्स भरून पुन्हा पासिंग करून घेतलं, म्हणजे कागदोपत्री ती २०२८ पर्यंत रस्त्यावर राहू शकते. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून दर गुरुवारी त्यांना डेरवणला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. रिक्षात त्यांना पाय लांब करून बसता येत नाही आणि दर आठवड्याला भाड्याची गाडी परवडत नाही. त्यामुळे गुरुवारी सकाळी ही गाडी चालू व्हायलाच हवी.

बजेट अडीच हजार. मीटर विकत घ्यायचा तर तोही त्यातच.

गाडीची तक्रार नीट लिहून काढली. 'चालू होत नाही' एवढंच सांगितलं की समोरचा माणूस थेट 'बॅटरी टाक' म्हणतो. पण लिहायला बसल्यावर तीन वेगवेगळी दुखणी समोर आली. सकाळी गाडी गार असताना सेल्फ (इंजिन चालू करायला ते फिरवणारी मोटर) अगदी सावकाश फिरतो, घर्र... घर्र... करत मध्येच दम टाकतो. गाडी तापलेली असेल आणि पाच-दहा मिनिटं बंद करून पुन्हा चावी मारली तर नुसतं 'टक्' वाजतं, कधी तेही नाही. अर्ध्या तासाने मात्र काही झालंच नाही अशी चालू होते. आणि चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ फिरतो, पण इंजिन बराच वेळ पकडत नाही. तिन्हींचं मूळ एकच असेल असं मला वाटत नाही.

आतापर्यंत मिळालेले सल्ले : नवी बॅटरी (३,८०० रुपये), रिकंडिशन सेल्फ (३,२०० रुपये), 'विकून टाक' (फुकट). पहिल्या दोनांपैकी एकही माझ्या बजेटात बसत नाही, आणि त्यातला एखादा बसवूनही गाडी तशीच राहिली तर पुढे काहीच करता येणार नाही. म्हणून ठरवलं आहे : मीटरचा आकडा ज्या पार्टकडे बोट दाखवेल तोच पार्ट घ्यायचा.

१० नोव्हेंबर

बहादूरशेख नाक्यावरून पिवळा डिजिटल मीटर आणला, २८० रुपये. स्वस्तातला आहे, पण डीसी २० व्होल्टच्या रेंजवर दोन दशांश दाखवतो. मला तेवढंच हवं आहे.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.३१ व्होल्ट. शिशाच्या बॅटरीत सहा घरं, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचं, पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या पुढे दिसायला हवं. १२.३ म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त भरलेली. पण एवढ्यावरून बॅटरी खराब म्हणता येत नाही. ती फक्त उपाशी आहे.

अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी भरणारं जनित्र, लगेच बघून घेतला. गाडी चालू, हेडलाइट लावलेले, थोडा ॲक्सिलरेटर दाबून धरला : १४.१. चार्जिंग उत्तम.

बॅटरी काढून दुकानात रात्रभर चार्जिंगला दिली. ६० रुपये.

११ नोव्हेंबर

बॅटरी परत. बसवण्याआधी दुकानातच हायड्रोमीटरने (आतल्या आम्लाची घनता मोजायची नळी) साही घरं तपासून घेतली. सगळी १.२५० च्या आसपास, एकमेकांत फरक नाही. बॅटरी मरायला लागली की सहसा एखादं घर आधी बसतं आणि ते हायड्रोमीटरमध्ये लगेच वेगळं दिसतं. ३५ अँपियर-अवरची ही बॅटरी जानेवारी २०२३ मधली आहे. अजून धडधाकट आहे. दुकानदारानेही तेच सांगितलं, आणि त्याच्याकडे नव्या बॅटऱ्या विकायला असतानाही सांगितलं, हे लिहून ठेवण्याजोगं आहे.

घरी येऊन गळती मोजली. निगेटिव्ह टर्मिनल सैल करून मीटर मध्ये जोडला (लाल पिन १० अँपियरच्या भोकात), सगळं बंद, दारं बंद : ०.०२ अँपियर. टेपच्या घड्याळापुरतं. एवढ्याने बॅटरी उतरायला दोन महिन्यांच्या वर लागतील. गळतीचा विषय संपला.

हे कोणी करून बघणार असेल तर एक सांगतो : मीटर असा मध्ये जोडलेला असताना चावीला हात लावायचा नाही. या स्वस्त मीटरच्या १० अँपियरच्या भोकाला आत फ्यूज नसतो आणि सेल्फ शंभर-एक अँपियर ओढतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चार्ज केलेल्या बॅटरीवरही सकाळी सेल्फ तसाच सुस्त. चालू झाली, पण रडतखडत. भरलेली बॅटरी आणि तरी सेल्फ हळू, ही आजची सगळ्यात उपयोगी माहिती.

डेरवणहून निघताना दुसरं दुखणं. बाबांना बसवलं, चावी मारली, 'टक्'. पुन्हा 'टक्'. फाटकाजवळच्या दोघांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, चालू. बाबा काही बोलले नाहीत, पण खाली उतरून धक्का मारता येत नाही म्हणून त्यांचा जीव कसा होतो ते मला कळतं.

अजून एक गोष्ट. सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर चोक आत ढकलायला हात घातला तर दांडीच्या मागची केबल कोमट लागली. चोकची केबल म्हणजे नुसती तार आणि तिच्यावरचं स्प्रिंगसारखं वेष्टण. तिच्यातून वीज जायचा संबंध नाही, मग ती तापते कशाने? नोंद करून ठेवतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस सत्कारणी लागला.

मोजायला दोन माणसं लागतात, एक मीटरवर आणि एक चावीवर. चावीवर मुलगी. ती नववीत आहे आणि त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'धाराविद्युत' हा धडा आहे, त्यामुळे तिला नुसती चावी फिरवायची नव्हती, प्रत्येक आकडा वहीत लिहायचा होता. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू होऊन मोजणी बिघडू नये म्हणून कॉइलकडून येणारी मधली वायर डेल्कोतून (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) काढून इंजिनाला पक्की टेकवून ठेवली. एका वेळी चार-पाच सेकंदच सेल्फ मारायचा, मग त्याला गार होऊ द्यायचं.

आधी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. टर्मिनलच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर. उभ्या गाडीत १२.५८. सेल्फ फिरत असताना ११.१.

हा आकडा बघून मी दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. बॅटरी थकलेली असती तर सेल्फ मारताना व्होल्ट ९.६ च्याही खाली गेले असते. सेल्फ आतून अडकत असता, बुश (आसाला धरणाऱ्या बांगड्या) झिजून आर्मेचर (फिरणारा गाभा) घासत असतं, तर त्याने भरमसाट करंट ओढला असता आणि तेव्हाही व्होल्ट कोसळले असते. इथे सेल्फ रडतोय आणि बॅटरी मात्र ११.१ वर आरामात उभी आहे. म्हणजे बॅटरीकडे द्यायला करंट आहे, सेल्फला तो हवाही आहे, पण वाटेत कुणीतरी अडवतंय.

ही अडवणूक शोधायची रीत म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. मीटरची एक पिन वाटेच्या एका टोकाला, दुसरी त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला, आणि सेल्फ मारायचा. वाट मोकळी असेल तर दोन्ही टोकांत फरक जवळजवळ शून्य. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे त्या वाटेतच वाया जातात.

बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत : ०.२८. अर्ध्या व्होल्टच्या आत आहे, चालेल.

बॅटरीच्या मायनस खुंटीपासून सेल्फच्या अंगापर्यंत : १.९०.

मुलीने वहीत लिहिलं आणि स्वतःच वजाबाकी केली. ११.१ मधून २.१८ गेले, सेल्फला मिळाले ८.९२. मायनसच्या वाटेत पाव व्होल्टच्या वर काही दिसायला नको होतं.

मग मायनसची वाट तुकड्या-तुकड्याने मोजली. खुंटीपासून बॉडीच्या बोल्टपर्यंत ०.१२. बॉडीच्या बोल्टपासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत १.७८. चोर सापडला : बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी.

आता चोकच्या केबलचाही उलगडा झाला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याचा धातू बॉडीला टेकत नाही. सेल्फ खाऊन झालेला करंट बॅटरीकडे परत जायला अर्थिंगची पट्टी हा एकच राजरस्ता. तो बंद पडला की करंट मिळेल त्या आडवाटेने जातो : चोकच्या केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. बारीक तारेतून एवढा करंट गेला की ती तापणारच. अशाने ॲक्सिलरेटरची केबल आत चिकटून बसल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे हे वेळेवर सापडलं याचं मला फार बरं वाटलं.

मुलीचा प्रश्न : पट्टी एवढी खराब असेल तर मीटरच्या 'बीप' तपासणीत कळत नाही का? लावून बघितला. बीप छान वाजला. ओहमच्या रेंजवर ०.३, आणि मीटरच्या दोन पिना एकमेकींना नुसत्या टेकवल्या तरी तेवढंच येतं. मग तिच्याच धड्यातला नियम लावला : १.७८ व्होल्ट, करंट अंदाजे १०० अँपियर, म्हणजे रोध ०.०१८ ओहमच्या आसपास. एक दशांश ओहमही नीट न दाखवणाऱ्या मीटरला हे दिसणार कसं? मीटरच्या इवल्याशा करंटसाठी ती पट्टी धडधाकट असते, शंभर अँपियरसाठी नसते. गच्चीवरच्या टाकीच्या पाइपात गाळ बसला तरी नळ बंद असताना दाब पुरेपूर असतो. नळ सोडला की धार करंगळीएवढी. तसंच हे. भार टाकून मोजल्याशिवाय ही बिघाडाची जात हाती लागत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच एवढ्या चांगल्या बॅटऱ्या आणि चांगले सेल्फ विनाकारण भंगारात जातात.

१७ नोव्हेंबर

पैसे खर्चायच्या आधी एक फुकटची परीक्षा. शेजाऱ्यांकडून जंपर केबल मागून आणली. त्यातली एकच वायर घेतली : एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या धातूला. जुन्या पट्टीला हात लावला नाही, फक्त शेजारून नवी वाट दिली.

सेल्फ असा फिरला की मुलगी चावी सोडायला विसरली. गेल्या कित्येक महिन्यांत हा आवाज ऐकला नव्हता.

१९ नोव्हेंबर

पट्टी काढली. बोल्ट गंजून धरलेले, आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं होतं म्हणून सुटले.

वरून बघितली तर केबल ठीकठाक दिसते. काळं वेष्टण कुठे फाटलेलं नाही. लगजवळ (केबलच्या टोकाचं, बोल्टमध्ये अडकवायचं धातूचं कडं) ब्लेडने वेष्टण उभं चिरलं आणि आत बघितलं : तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडलेल्या, लगच्या तोंडाशी हिरवट भुकटी. बोटाने हलवलं तर निम्म्याहून जास्त तारा तुटून हातात आल्या. भुकटीबरोबर बारीक तांबूस मातीही खाली पडली.

ती माती कुठली ते चिपळूणच्या माणसाला सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी शिरलं तेव्हा ही गाडी बॉनेटच्या वरपर्यंत पाण्यात होती. तेव्हा ऑइल दोनदा बदललं, प्लग काढून सिलिंडर कोरडे केले, टाकी धुतली, सीट उन्हात टाकल्या, इंजिन वाचलं. पण पाणी केबलच्या टोकातून आत केशाकर्षणाने चढतं आणि वेष्टणाच्या आत अडकून राहतं. वरून गाडी सुकते, आत तांबं वर्षानुवर्षं खात राहतं. गावात त्या पुरातून वाचवलेल्या अजून किती गाड्या फिरताहेत आणि त्यांचे मालक दर वर्षी बॅटरी बदलताहेत, हा विचार मनातून जात नाही.

नवी पट्टी नाक्यावरच्या वायरमन भाईंकडून करून घेतली. वेल्डिंगच्या केबलचा तुकडा, २५ चौरस मिलिमीटर तांबं, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग : २६० रुपये. मी आकडे दाखवले तेव्हा भाई म्हणाले, "तुम्ही आकडे घेऊन आलात म्हणून सोपं झालं. गिऱ्हाईक 'सेल्फ खोला' म्हणूनच येतं."

बॉडीवरची बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, इंजिनावरचीही. पट्टी कोरड्या धातूवर घट्ट आवळली, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. पेपर आणि जेली मिळून ४५ रुपये.

पुन्हा मोजलं. मायनस खुंटीपासून सेल्फच्या अंगापर्यंत ०.१६. आणि बॅटरीवर सेल्फ फिरताना १०.५, म्हणजे आधीच्या ११.१ पेक्षा कमी! मुलीला वाटलं काहीतरी बिघडलं. उलट आहे. वाट मोकळी झाली म्हणून आता जास्त करंट जातोय, म्हणून बॅटरीचे व्होल्ट जास्त खाली येतात आणि प्लसच्या केबलमधला ड्रॉपही ०.३४ वर गेलाय. पण सेल्फच्या पदरात बरोबर १० व्होल्ट पडतात, पूर्वी ९ सुद्धा पडत नव्हते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी अर्धा चोक, चावी, चालू. चोकची केबल गार.

डेरवणहून परतताना पुन्हा 'टक्'. अपेक्षित होतं. पहिलं दुखणं गेलं, दुसरं वेगळं आहे. अर्धा तास थांबलो, मग आपोआप चालू झाली. कामथे घाट उतरताना याच विचारात होतो : गरम झाल्यावरच का?

२३ नोव्हेंबर, रविवार

घाटात फिरवून गाडी मुद्दाम तापवून आणली, अंगणात बंद केली, दहा मिनिटांनी चावी : 'टक्'. मीटर तयार ठेवला होता.

सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड असतो. चावीकडून आलेली बारीक वायर त्याला करंट देते, तो आतला दांडा खेचतो, दांडा दात पुढे ढकलतो आणि मोठा संपर्क जोडतो. जाड केबलचं काम त्यानंतरचं. 'टक्' वाजतं पण सेल्फ फिरत नाही, म्हणजे दांडा अर्धवट खेचला जातोय.

त्या बारीक वायरवर, ती जागेवर जोडलेली असताना, चावी स्टार्टला धरून मोजलं : ७.९ व्होल्ट. त्याच वेळी बॅटरीवर १२.४. साडेचार व्होल्ट वाटेत गेले. वायर सोलेनॉइडपासून काढून नुसती मोजली तर पूर्ण १२.४. टेस्टर बल्ब लावला तरी तो छान पेटतो. पुन्हा तीच गोष्ट, भार नसेल तर बिघाड दिसत नाही.

वाट अशी : बॅटरी, फ्यूज बॉक्स, स्टिअरिंगखालचं इग्निशन स्विच, तिथून परत सेल्फ. सत्तावीस वर्षांचे संपर्क, आणि तेही पुराच्या पाण्यात बुडालेले. ड्रॉपचा मोठा भाग स्विचमध्येच आहे, ३.१ व्होल्ट.

आणि गरमच का, याचंही उत्तर मिळालं. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. इंजिनाजवळचं सोलेनॉइड ६० अंशांनी तापलं तर त्याच्या वेटोळ्याचा रोध जवळपास पावपट वाढतो आणि करंट साधारण एक-पंचमांशाने घटतो. गार असताना हे तुटपुंजे व्होल्ट कसेबसे पुरतात, गरम झाल्यावर पुरत नाहीत. अर्ध्या तासाने वेटोळं निवतं आणि पुन्हा पुरतात. गाडी 'आपोआप' बरी होत होती ती अशी.

खात्रीसाठी : गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चावी ऑन, आणि बॅटरीच्या प्लसकडून एक वायर थेट सोलेनॉइडच्या त्या बारीक खुंटीला क्षणभर टेकवली. गरम गाडी तत्क्षणी चालू. सोलेनॉइड चांगला, सेल्फ चांगला. (हे करताना गाडी गिअरमध्ये राहिली तर ती अंगावर येते. दोनदा तपासून मगच.)

२५ नोव्हेंबर

नवं इग्निशन स्विच चावीसकट महाग पडतं, आणि त्याने मूळ रचना तशीच राहते : सगळा भार त्या छोट्या संपर्कावर. त्यापेक्षा रिले, म्हणजे थोड्याशा करंटने चालणारं मोठ्या भाराचं स्विच. रिलेला चालवायला पाव अँपियरही लागत नाही, तेवढं जुनं स्विच अजून बरीच वर्षं देईल. खरा भार रिले उचलेल.

चार पिनांचा साधा रिले सॉकेटसह १५० रुपये, फ्यूज होल्डर आणि ३० अँपियरचा फ्यूज ४० रुपये, वायर, लग आणि टेप ११०. जोडणी : चावीकडून आलेली बारीक वायर सोलेनॉइडवरून काढून रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेला. ८५ बॉडीला अर्थ. ३० नंबरची पिन फ्यूजमधून थेट बॅटरीच्या प्लसला, फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. ८७ वरून जाड वायर सोलेनॉइडला. रिले पिना खाली करून बसवला, पाणी आत साठू नये म्हणून. कोकणातल्या पावसाला वरून-खालून दोन्हीकडून यायची सवय आहे.

काम चालू असताना बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवलं होतं.

गाडी तापवून मोजलं : सेल्फ फिरत असताना सोलेनॉइडच्या खुंटीवर १०.१.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

डेरवण. गरम गाडी, पहिल्या चावीला चालू. बाबा म्हणाले, "नवा सेल्फ केवढ्याला पडला रे?" सेल्फ तोच आहे हे त्यांना पटवायला सावर्डे येईपर्यंत वेळ लागला.

२ डिसेंबर, मंगळवार

तिसरं दुखणं. गाडी गुरुवारपासून मुद्दाम हलवली नव्हती. एअर फिल्टरचं झाकण काढून, चावी न लावता, कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारून ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढली. आत पेट्रोलची बारीक धार उडायला हवी. काही उडालं नाही. कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी सुकलेली. थोडी सुकणं स्वाभाविकच, पेट्रोल उडून जातं. पण मग पंपाने ती लवकर भरायला हवी. हा पंप यांत्रिक, कॅमशाफ्टवर चालणारा. इंजिन फिरेल तेव्हाच तो ओढणार. सेल्फ सुस्त असताना तोही सुस्त चालत होता, म्हणून दोन दुखणी एकमेकांत मिसळून दिसत होती.

स्पार्कवर संशय नको म्हणून प्लग काढून बघितला. ठिणगी निळी, टणक. (हे आधी उरकून, मग पेट्रोलच्या पाइपाला हात. एका वेळी दोन्ही नाही.)

पंपाच्या आधी पारदर्शक पाइपाचा तुकडा तात्पुरता जोडला आणि सेल्फ मारला. पेट्रोल येतंय, पण बुडबुड्यांच्या माळेसकट. म्हणजे टाकीकडून कुठेतरी पंप हवा ओढतोय. तिथून पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, म्हणून खाली डाग नाही, वासही नाही.

टाकीजवळचा रबरी पाइप वाकवून बघितला. बाहेरच्या वळणावर भेगांची जाळी, क्लिपखाली तर रबर कडक होऊन चिरलेलं. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. १९९८ चं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. मूळ पाइप इतकी वर्षं टिकला हेच खूप.

३ डिसेंबर

जुन्या पाइपाचा तुकडा दुकानात नेऊन त्याच मापाचा, इथेनॉल चालणारा पाइप घेतला. पाण्याचा किंवा हवेचा पाइप पेट्रोलला लावायचा नाही, मग तो कितीही स्वस्त असो. पाइप १२०, क्लिपा ४०, फिल्टर ९०. टाकी जवळपास रिकामी असतानाच काम केलं, उघड्यावर, जवळ वाळूची बादली. पारदर्शक तुकडा काढून टाकला, तो कायम ठेवायच्या लायकीचा नसतो.

९ डिसेंबर

गुरुवारच्या डेरवणनंतर गाडी पुन्हा तशीच उभी ठेवली होती. आज सकाळी पूर्ण चोक, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडला, चावी. सेल्फ जेमतेम फिरला तोच इंजिन पकडलं.

११ डिसेंबर, गुरुवार

एकूण खर्च : मीटर २८०, चार्जिंग ६०, पट्टी २६०, पेपर-जेली ४५, रिले, फ्यूज आणि वायरिंग ३००, पेट्रोलची लाइन २५०. बेरीज १,१९५ रुपये. बॅटरी जुनीच, सेल्फ जुनाच, स्विच जुनंच.

आजचे आकडे पुढे ताडून बघायला लिहून ठेवतो. रात्रभर उभी : १२.५५. सेल्फ फिरताना : १०.५. प्लसच्या वाटेत ०.३४, मायनसच्या ०.१६. चार्जिंग १४.१. सहा महिन्यांनी यातला जो आकडा हलेल, तिथून सुरुवात.

उरलेल्या १,३०५ रुपयांतली दोन कामं बाकी आहेत. हेडलाइटची आणि मागच्या दिव्यांची अर्थिंग त्याच पुरात बुडाली होती, त्यांचे बोल्ट काढून घासायचे आहेत. आणि सेल्फचे कार्बन (फिरत्या गाभ्याला वीज देणारे ब्रश) किती झिजलेत ते उघडून बघायचं आहे. ते एप्रिलमध्ये, बाबांच्या डेरवणच्या फेऱ्या संपल्यावर, कारण सेल्फ एकदा खोलला की गाडी दोन दिवस तरी उभी राहणार. वायरमन भाई म्हणालेत, कार्बनचा जोड आणून ठेवा, बुशही त्याच वेळी बघू. मुलीने सांगून ठेवलंय की खोलताना तिला बोलवायचं.